अंतरी एक आणि दप्तरी एक

ज्या पेढीवर दोन वह्या असतात, एक सरकारास दाखवावयाची आणि एक मालकाने स्वतः पाहावयाची, त्या पेढीची पत फार दिवस टिकत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. पहिल्या काही वर्षांत अशा दुहेरी हिशेबाने लाभ झाल्यासारखा दिसतो. पण पुढे मुनीम मालकास फसवू लागतो, मुलगा बापास फसवू लागतो, आणि शेवटी खरी वही कोणती हे मालकालाही सांगता येत नाही. जो नियम पेढीस तोच मनुष्याच्या अंतःकरणास आणि तोच समाजासही. ज्या समाजात माणसाला आपला खरा धर्म घरात एक आणि कचेरीत दुसरा असा सांगावा लागतो, त्या समाजाची नैतिक पत हळूहळू बुडत असते. या दृष्टीने, मनुष्याने आपला ख्रिस्ती धर्म चारचौघांत उघडपणे सांगावा की नाही, आणि सांगितल्यास त्याचे काय होते, या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा प्रश्न संख्येने मोठ्या समाजाचा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार भरले. म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. परंतु जो प्रश्न थोड्यांचा असतो तोच समाजाच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी घेत असतो. बहुसंख्यांचा धर्म उघडपणे सांगण्यास धैर्य लागत नाही. त्याची मिरवणूक वाजतगाजत निघते आणि पोलीस रस्ता मोकळा करून देतात.

आमच्या शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यालगत मुकुंदवाडी आहे. एके काळी ते शहराबाहेरचे गाव होते. पुढे एका अंगास सिडकोच्या वसाहती उठल्या, दुसऱ्या अंगास चिकलठाण्याचे कारखाने आले, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पोटामागे निघालेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. अशा वस्तीत कोण कोणत्या देवास भजतो हे शेजाऱ्यास ठाऊक असते, घरमालकास ठाऊक असते. ठाऊक नसते ते केवळ सरकारी दप्तरास. हाच रस्ता धरून पूर्वेस सुमारे साठ किलोमीटर गेले की जालना लागते. ज्या गृहस्थांच्या चरित्रापासून या विषयाचा आरंभ केला पाहिजे, त्यांची कर्मभूमी तीच होय.

रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातले. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, आणि १८४३ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. श्रीपादाचे वय बाराच्या आसपास. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले, आणि मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्यास बापाच्या हवाली केले. खरा वाद येथून पुढे उत्पन्न झाला. ख्रिस्त्यांच्या घरी अन्न घेतलेल्या या पोरास जातीत परत घ्यावे की न घ्यावे? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे असा पक्ष धरला, कर्मठ मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या ताटावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात दोन तट पडले. ज्या समाजास आपला मुलगा गेल्याचा एवढा शोक झाला, त्याच समाजास तो परत आल्यावर त्याच्यासाठी पाट मांडवेना! बाहेर जाण्याचे दार उघडे आणि आत येण्याचे बंद, अशी ज्या घराची रचना, त्या घराने माणसे कमी झाल्याचा दोष परक्यांवर किती लादावा, याचा विचार बाळशास्त्र्यांनी तेव्हाच करावयास लावला होता.

नारायण शेषाद्रींनी स्वतः आपले ख्रिस्तीपण कधी लपविले नाही, आणि ते मिरवून मुंबईच्या साहेबवस्तीतही ते बसले नाहीत. निजामाच्या मुलखात जालन्यास येऊन त्यांनी मुख्यतः मांग समाजात काम केले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या राज्यकारभारात त्यांस जमीन मिळाली आणि तेथे बेथेल नावाची वसाहत उभी राहिली. मुसलमान दिवाणाने, जन्माने ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती उपदेशकास, अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वस्तीसाठी जमीन द्यावी, हा प्रकार आमच्याच मराठवाड्यात दीडशे वर्षांपूर्वी घडला. त्याच सुमारास औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीतर्फे काम करणारे रत्नजी नवरोजी हे पारशी घराण्यातून आलेले होते. तेव्हा धर्म बदललेला माणूस म्हणजे दडून बसलेला माणूस असे समीकरण या प्रांतात पूर्वी नव्हते. आज ते का झाले?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी कायद्याचे शब्द नीट पाहिले पाहिजेत. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक मनुष्यास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्याशिवाय धर्म प्रकट करणे, त्याचे आचरण करणे आणि त्याचा प्रसार करणे असे तीन निरनिराळे हक्क सांगितले आहेत. मनात मानणे निराळे आणि प्रकट करणे निराळे. मनात काय चालले आहे हे पाहण्यास जगातील कोणताही राजा समर्थ झाला नाही. म्हणून मनाच्या स्वातंत्र्याला कायद्याची फारशी गरजही नसते. गरज लागते ती तोंड उघडल्यावर. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ‘प्रसार’ या शब्दावर पुष्कळ कडाक्याचा वाद झाला. काही सभासदांस तो शब्द धोक्याचा वाटला. कन्हय्यालाल मुनशी यांच्यासारख्या, ज्यांस कोणी ख्रिस्ती मिशनऱ्यांचे कैवारी म्हणणार नाही, अशा पुरुषाने त्या शब्दाचे समर्थन केले आणि तो शब्द राहिला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास समजावून सांगणे; दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. प्रसाराविषयी मतभेद असोत. परंतु ‘मी ख्रिस्ती आहे’ एवढे चारचौघांत म्हणण्याच्या हक्काविषयी मतभेदास जागाच नाही.

हक्क असणे आणि तो वापरता येणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने, धर्म सोडला किंवा जातीने टाकले म्हणून कोणाचा वारसा बुडणार नाही, असे ठरले. त्यामुळे घराचा वाटा राहिला. घर राहिले नाही. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय प्रसंग गुदरला हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या मराठी माणसास आम्ही सांगावयास नको. परंतु त्याच ग्रंथातील एक गोष्ट लोक विसरतात. लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे नगरास आल्या, त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळेओवळे चालू ठेवले, टिळकांनी आपले ख्रिस्तीपण चालू ठेवले, आणि एका छपराखाली दोन धर्म उघडपणे नांदले. पुढे बाईंची बुद्धी त्यांच्या स्वतःच्या पायांनी चालत जेथे जावयाची तेथे गेली. या घरात कोणी कोणास चोरून पूजा करावयास लावले नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली परत येऊन मुंबईस शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास नेले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा करार होता. तथापि बाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली नेल्या. बाईंचे म्हणणे इतकेच होते की, मी माझ्या खोलीत प्रार्थना करीन आणि खोलीचे दार लावून घेणार नाही. आता त्या वेळच्या पालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. परस्वाधीन विधवा मुलींस ज्या बाईच्या हातचे अन्न खावे लागते, तिच्या प्रार्थनेचे उघडे दार हेही एक प्रकारचे आमंत्रणच होय, ही शंका अगदी वेडगळ नव्हती. पोसणाऱ्याने आपल्या धर्माविषयी अधिक संयम ठेवावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु संयम म्हणजे लपवालपवी नव्हे. दार उघडे होते म्हणूनच पुणेकरांस आत काय चालते ते दिसले आणि ज्यांस नको त्यांनी मुली नेल्या. दार बंद असते तर त्यांस कळलेही नसते. उघडपणाने भांडण झाले हे खरे. पण लपविल्याने विश्वासघात झाला असता, आणि तो भांडणाहून वाईट.

येथवर ज्यांची नावे आली ती बहुतेक वरिष्ठ मानलेल्या जातींतली विद्वान माणसे होत. त्यांनी आप्त गमावले, पंगत गमावली. पण त्यांच्या हाती विद्या होती. मुकुंदवाडीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामकऱ्याचे तसे नाही. कल्पना करा की, त्याचा आजा खेड्यात गावकुसाबाहेर राहत असे. बाप मोलमजुरी करी. तो स्वतः कारखान्यात कंत्राटावर आहे. रविवारी तो प्रार्थनेस जातो. त्याच्या मुलाच्या दाखल्यावर मात्र हिंदू आणि जुनी जात लिहिलेली आहे, कारण त्या दाखल्यावर मुलाची शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी अवलंबून आहे. हा मनुष्य नारायण शेषाद्रींसारखा उघड का बोलत नाही, असे विचारणाऱ्याने १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा आदेश वाचावा.

त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्म मानणाऱ्यासच अनुसूचित जातीचा समजावयाचे होते. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली आणि १९९० साली बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान अद्याप बाहेर आहेत. आश्चर्य हे की, अनुसूचित जमातींस धर्माची अशी अट नाही. डोंगरातला भिल्ल ख्रिस्ती झाला तरी त्याच्या सवलती धर्माच्या अटीने जात नाहीत, गावकुसाबाहेरचा मांग ख्रिस्ती झाला की त्या तत्काळ जातात. नागपूरकडील एका राखीव जागेच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्म ‘मानणे’ याचा अर्थ असा केला की, ज्यांचा संबंध येतो त्यांस कळेल अशा रीतीने आपली श्रद्धा जाहीर करणे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मनात कितीही ख्रिस्त असो, तोंड बंद असेपर्यंत दाखला शाबूत. तोंड उघडले की दाखला गेला. एका हाताने घटनेने धर्म प्रकट करण्याचा हक्क दिला, आणि दुसऱ्या हाताने आदेशाने त्या प्रकटीकरणावर कर बसविला. तो कर श्रीमंतास शून्य आणि गरिबास सर्वस्व, असा उलटा आहे.

या कराची वसुली कशी होते पाहा. मद्रासेस रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा एक गरीब ख्रिस्ती होता. सरकारने अनुसूचित जातींच्या चर्मकारांस धंद्यासाठी विनामूल्य टपऱ्या देण्याचे ठरविले; त्याच रस्त्यावर, तोच धंदा करणारा, त्याच जातीत जन्मलेला हा मनुष्य मात्र ख्रिस्ती म्हणून वगळला गेला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखविणे पुरेसे नाही. जुन्या समाजात होता तितकाच जाच नव्या समाजातही होतो, असे पुराव्याने दाखविले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ऊन त्याच्या डोक्यावर इतरांइतकेच पडत होते. टपरी मात्र त्याच्या वाट्यास आली नाही.

येथे तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही, मग सवलत कसली? ग्रंथात नाही हे खरे. परंतु गावचा पाणवठा आणि पाटलाची ओसरी माणसाचा बाप्तिस्म्याचा दाखला वाचून वागणूक ठरवीत नाहीत. शिवाय खुद्द ख्रिस्ती मंडळ्यांतही लग्ने जुळविताना जात पाहिली जाते, हे त्यांच्यातील प्रामाणिक लोकच सांगतात. बौद्ध धर्माच्या ग्रंथांतही अस्पृश्यता नाही. तरी १९९० साली बौद्धांस सवलत देताना आपण ग्रंथ न पाहता माणसांची स्थिती पाहिली, आणि ते योग्यच केले. मग तोच माप दुसऱ्यास का नको?

दुसरा आक्षेप असा की, हे लोक पोटासाठी धर्म सोडतात. दुष्काळाच्या सालांत मिशनच्या धान्यामागे पुष्कळ लोक गेले हे इतिहासास ठाऊक आहे, आणि भुकेल्यास घास देताना त्याच्याकडून श्रद्धा मागणे आम्ही निंद्यच समजतो. परंतु आज जो मनुष्य ख्रिस्ती म्हणवून घेतल्याने शिष्यवृत्ती आणि राखीव नोकरी घालवून बसतो, तो पोटासाठी ख्रिस्ती झाला असे म्हणणे म्हणजे तोट्यात चाललेल्या दुकानास नफेखोर म्हणण्यासारखे आहे. उलट जो पोटासाठी बोलतो तो ‘मी हिंदू’ असेच दप्तरी लिहून देतो. लालुच आज कोणत्या पारड्यात आहे, हे वाचकांनीच तोलून पाहावे.

तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे. कायदा कसाही असो, खोटा दाखला तो खोटाच, आणि त्यामुळे खऱ्या हक्कदाराची जागा जाते. हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. पुदुच्चेरीतील एका बाईने प्रार्थनामंदिरात ख्रिस्ती आणि नोकरीच्या अर्जात हिंदू असे दोन्ही म्हटले, तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणासाठी असे करणे ही घटनेची फसवणूक आहे, असे स्पष्ट बजाविले. जे सत्याला देव मानतात त्यांनी असत्याचा कागद खिशात बाळगावा, हे त्यांच्याच धर्मास शोभत नाही. परंतु चोरास शिक्षा करणे आणि चोरी करावयास लावणारी व्यवस्था सुधारणे ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. पुढे २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला गेला. एका प्रश्नास आयोगांवर आयोग मिळावेत आणि निर्णय एकही मिळू नये, असा हा प्रकार होय. अनुसूचित जातींचा आजचा वाटा कमी न करता हा प्रश्न सोडविता येईल की नाही, याचा हिशेब करणे संसदेचे काम आहे. तो हिशेब नाहीच करावयाचा, या धोरणाचे समर्थन मात्र आम्हांस करता येत नाही.

आता ख्रिस्ती बांधवांस दोन शब्द. आपली श्रद्धा उघड सांगा. पण सांगताना शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यास नावे ठेवू नका. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वाटेने मराठी केली. म्हणून महाराष्ट्राने त्यांस कवी म्हणून आपले मानले. आजाऱ्यास बरे करण्याचे वचन देऊन प्रार्थनेस बोलाविणे, रात्री उशिरापर्यंत कर्णे लावणे, ही साक्ष नव्हे, उपद्रव होय. आणि जात टाकून आलो म्हणता, तर लग्नाच्या मांडवात ती पुन्हा आणू नका. जो मद्रासेच्या चर्मकारास न्यायालयात सिद्ध करता आला नाही तो जाच तुमच्या घरांत चालू असेल, तर त्याचा जाब प्रथम तुम्हीच द्यावयाचा आहे.

आमच्या बहुसंख्य वाचकांस मात्र अधिक सांगावयाचे आहे. मुकुंदवाडीत खोली भाड्याने देताना, चिकलठाण्यास माणूस कामावर घेताना, बाजारात उधारी देताना, समोरच्याने ‘मी ख्रिस्ती’ म्हटले म्हणून तुमचा हात आखडतो काय? आखडत असेल, तर त्यास खोटे बोलावयास शिकविणारे तुम्हीच. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशनचे न्यायासन चालले. त्याच्या धाकाने लोक बाहेर एक आणि घरात एक वागू लागले, तेव्हा आपण त्या जुलमास नावे ठेवली, आणि ती यथार्थच ठेवली. सक्तीने ख्रिस्ती म्हणवून घेणे जर पाप, तर भीतीने ख्रिस्ती न म्हणवून घेणे भाग पाडणे पुण्य कसे होईल? डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास उघड सांगितले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही, आणि एकवीस वर्षांनी नागपुरास लाखोंच्या समक्ष ते करून दाखविले. ज्या पुरुषाचे नाव या शहराच्या विद्यापीठास आपण अभिमानाने दिले, त्याच्या चरित्रातील हा धडा त्या नावाबरोबरच घ्यावयास हवा.

धर्म खरा की खोटा हे ठरविण्याचा अधिकार वर्तमानपत्रास नाही. तो आम्ही मागतही नाही. आमचे मागणे इतकेच की, जो ज्यास भजतो त्याने ते निर्भयपणे सांगावे, ऐकणाऱ्याने ते शांतपणे ऐकावे, आणि सरकारने खरे सांगणाऱ्यास दंड व लपविणाऱ्यास बक्षीस अशी रीत बंद करावी. ज्या दिवशी मुकुंदवाडीतील त्या कामकऱ्यास रविवारचा धर्म सोमवारी कचेरीतही लिहिता येईल आणि तेवढ्याने त्याच्या मुलाची पाटी-पुस्तके जाणार नाहीत, त्या दिवशी घटनेतील ‘प्रकट’ हा शब्द खऱ्या अर्थाने अमलात आला असे आम्ही समजू.